पहिला खर्डा आणि ठिपक्यांची खूण

गेल्या वर्षी जुलैत एका दिवाळी अंकासाठी कथा द्यायची होती. अकरा दिवस रोज पहाटे बसले. बाराव्या दिवशी हातात चार ओळी होत्या. तशा त्या ओळी निर्दोष होत्या. ‘गंगेवर’ लिहावं की ‘गोदावरीवर’ यात दीड दिवस गेला होता. पहिल्या वाक्यात ‘आणि’ हवं की स्वल्पविराम, यात एक अख्खी सकाळ. मुदत गेली आणि कथा राहिली ती राहिलीच.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रूफं तपासते. सव्वीस वर्षं झाली. आधी एका दैनिकात रात्रपाळी केली, आता घरून काम करते. बहुतेक शालेय गाईडं, अधूनमधून एखाद्या हौशी कवीचा संग्रह. दुसऱ्याच्या चुका काढायचे मला पैसे मिळतात. लिहायला बसताना ती सवय चपलांसारखी उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही, हे माझं दुखणं. पण त्याच धंद्यातून औषधही सापडलं. यंदा फेब्रुवारी ते एप्रिल मी एक दीर्घकथा शेवटापर्यंत लिहून काढली. हातानं, एकशे बारा पानं. ते कसं जमलं ते सांगते. ज्यांचा पहिला परिच्छेद महिनोन्‌महिने पुढे सरकत नाही त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांना लिहिताना काही त्रासच होत नाही त्यांनी कृपया मला भेटू नये.

खुर्चीमागे कोण उभं आहे?

आधी हे बघून घ्या. ‘जमत नाही’ असं म्हणणारा आवाज बहुधा आपला नसतो, कुणाचा तरी उसना असतो. माझे वडील, अण्णा, प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं. १९२८ पासून तिथं नोटा छापतात. अशा ठिकाणी कागदाचा ताव मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, बिघडला तर बिघडलेलाही हिशेबात दाखवायचा. ही शिस्त अण्णांसोबत जेवणाच्या डब्यासारखी रोज घरी यायची. वहीतलं पान फाडायची आम्हाला बंदी होती. “एक फाडलंस की त्याच्या जोडीचं मागचं पान सैल होतं,” म्हणायचे. खरंच होतं ते. पिना मारलेली वही उघडून बघा. खाडाखोडही चालत नसे. त्यामुळे मी वाक्य आधी मनात अथपासून इतिपर्यंत घोटून घ्यायची आणि मगच कागदावर उतरवायची. चौथीपासून पन्नाशीपर्यंत तेच केलं. मनात एका वेळी जेमतेम एक वाक्य मावतं. गोष्ट काही मावत नाही.

नाशिकमध्ये राहून लिहायचं म्हणजे आणखी एक पंचाईत आहे. कुसुमाग्रजांचं गाव, कानेटकरांचं गाव. २७ फेब्रुवारी उजाडला की सगळ्या महाराष्ट्राला मराठी आठवते आणि आपल्याला आठवतं की आपण अजून तिसऱ्याच ओळीवर आहोत. पूर्वी धीर यावा म्हणून मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची. १८४० सालची संस्था, कपाटंच्या कपाटं भरलेली. धीर यायचा सोडून उलटाच परिणाम व्हायचा. हे व्हायला नको होतं, निदान माझं तरी. कारण छापील पुस्तक कोणत्या वाटेनं येतं ते मला ठाऊक आहे. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, तिसरं, मग लेखकाला ऐनवेळी आठवलेली दुरुस्ती, मग तीच दुरुस्ती करताना झालेली नवी चूक. कपाटात दिसते ती या सगळ्यातून गेलेली प्रत. तिच्याशेजारी आपलं आज पहाटेचं पान ठेवणं म्हणजे आत्ता कुठं परातीत पीठ घेतलंय आणि समोरच्या घरातली फुगलेली पोळी बघून रडायचं.

मला उलगडा झाला तो दैनिकातली एक जुनी रात्र आठवली तेव्हा. रोजची पद्धत अशी की ऑपरेटर बातमी टाइप करतो, प्रिंट निघते, ती आमच्या टेबलावर येते, आम्ही खुणा करतो, कागद परत जातो. त्या रात्री वेळ वाचवायचा म्हणून मला ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची दिली. तो टाइप करणार, मी तिथल्या तिथं चूक सांगणार. वीस मिनिटांची बातमी पन्नास मिनिटं चालली. वर चुका दुप्पट झाल्या, कारण तो बिचारा मजकुराकडे न बघता माझ्या बोटाकडे बघत होता. बोट हललं की त्याचा हात थांबायचा. दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची जिथली तिथं गेली.

मी चुका चुकीच्या दाखवत नव्हते. ‘दिर्घ’ लिहिलं होतं, मी ‘दीर्घ’ सांगितलं. फक्त पाळी चुकली होती. म्हणून मनातल्या टीकेचा गळा दाबा, तिला गप्प करा, असले सल्ले मला पटत नाहीत. ती गेली तर दुसरा खर्डा कोण तपासणार? तिला हाकलायचं नाही, दुपारी बोलवायचं.

ठिपके

आता मुख्य गोष्ट. आमच्या खुणांमध्ये काढून टाकायची खूण आहे, जागा सोडायची आहे, राहिलेला शब्द घालायला हंसपद आहे. यांखेरीज एक खूण लोकांना फारशी माहीत नसते. समजा, मी एक शब्द खोडला आणि मग लक्षात आलं की तो बरोबरच होता. तेव्हा त्या शब्दाखाली टिंबं टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘राहू द्या’. ऑपरेटरला कळतं की इथं काही करायचं नाही, पुढे जायचं.

ही खूण मी पहिल्या खर्ड्यात आणली. लिहिताना एखादा शब्द टोचला की खोडायचा नाही, त्याच्याखाली तीन ठिपके द्यायचे. वाक्य लंगडं वाटलं तर वाक्याखाली ठिपके, अख्खा परिच्छेद पांचट वाटला तर डावीकडे उभे ठिपके. मनात म्हणायचं, ‘राहू द्या’, आणि हात पुढे न्यायचा. याला एक सेकंद लागतो. आतल्या तपासनीस बाईंची तक्रार नोंदवली जाते, ती वाऱ्यावर सोडलेली नसते, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा तेच बोलत नाहीत. नुसतं ‘दुर्लक्ष करा’ म्हटलं की त्या आवाज चढवतात. ठिपके दिले की गप्प होतात. हे मी स्वतःवर इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं नवलही वाटत नाही.

शब्दच आठवत नसेल तर मोकळी चौकट काढून आत येईल ते वर्णन टाकायचं. माझ्या कथेत एक बाई परभणीहून येते, रामकुंडावर उतरते आणि घरच्या आजारी माणसासाठी पाणी भरून नेते. त्या पानाचा पहिला खर्डा मी जसाच्या तसा उतरवते. लाज वाटते, पण उतरवते:

“ती पायऱ्या उतरली. पायऱ्या ओल्या होत्या. पाणी होतं. पाणी कसं होतं ते नंतर. माणसं खूप, गुरुजी, ते ओरडतात ते [काय ओरडतात? जाऊन ऐक]. तिनं पिशवीतून [ते पितळेचं, वर झाकण फिरवून बसतं, आजीकडे होतं] काढलं. तिला भीती वाटली. कशाची? माहीत नाही. मलाही माहीत नाही. पण वाटली. झाकण बसेना.”

यात सहा ठिकाणी ठिपके आहेत. ‘पाणी होतं’ याखाली तर मी ठिपक्यांची रांगोळीच घातली होती. पण शेवटची दोन वाक्यं बघा. ‘झाकण बसेना’ हे मला आधी माहीत नव्हतं. ते पुढे अख्ख्या कथेचा कणा झालं. पहिल्या ‘पाणी होतं’पाशी थांबून गोदेच्या पाण्याला विशेषण शोधत बसले असते तर झाकणापर्यंत पोचलेच नसते. जुलैत असंच झालं होतं. त्या पितळी वस्तूचं नाव आठवेना म्हणून फोन उघडला. चाळीस मिनिटांनी मी पितळेचा भाव वाचत होते, आणि मग गॅस सिलिंडर नोंदवून उठले.

संगणकावर लिहीत असाल तर ठिपक्यांऐवजी ‘क्षक्ष’ टाइप करा. मराठीत असा शब्द कुठं नाही, त्यामुळे नंतर शोधलं की नेमक्या त्याच जागा सापडतात. आणि स्पेलिंगची तपासणी आधी बंद करा. काही संगणकांना मराठी कळत नाही, तरी ते जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारतात. इतका अडाणी मुद्रितशोधक कुणी पगार देऊन ठेवला नसता.

माझी एक खोडी आहे, ती घ्यायची तर घ्या. लेखनाचे नियम, १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. म्हणून रोजच्या पहिल्या ओळीत मी मुद्दाम एकदा ‘आणी’ लिहिते, णी दीर्घ. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावतात ना, तसं. पान एकदा बिघडलं की ते जपायची जबाबदारी संपते. पहिले चार-पाच दिवस अंगावर काटा यायचा. आता गंमत वाटते.

पत्ता नसलेली तक्रार घ्यायची नाही

ठिपके एका शब्दाला पुरतात, वाक्याला पुरतात. पण ‘हे सगळंच भिकार आहे’, ‘तुला काय कळतं’, ‘कोण वाचणार’ असं आलं तर ठिपके कशाखाली देणार? इथं पुन्हा धंदा कामाला येतो. छापखान्यात मुद्रितशोधकाला समासात ‘वाईट’ असं लिहिता येत नाही. तशी खूणच नाही. कुठल्या ओळीत, कुठल्या शब्दात, काय काढायचं, काय घालायचं, हे दाखवावं लागतं. नाहीतर ऑपरेटर कागद परत पाठवतो, आणि तसं करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

एक दोनशे पानी वही शेजारी ठेवा, तिला मी तक्रारवही म्हणते. मोठी तक्रार आली की त्या वहीत पूर्ण वाक्यात लिहायची आणि पुढे पत्ता: पान नंबर, ओळ, नेमकं काय. पत्ता लिहिता आला तर तक्रार दाखल. नाही आला तर नामंजूर, तशी आडवी रेघ मारायची. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात एकोणीस तक्रारी आहेत. पत्ता लागला तो चारांना. उरलेल्या पंधरांमध्ये ‘अण्णांना हे आवडलं नसतं’ ही तीनदा आहे. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि जिवंत होते तेव्हा ते कथा वाचतच नसत. पेपरातलं हवामान वाचायचे.

कधीकधी तक्रार खरी असते आणि मोठीही असते. चाळिसाव्या पानाला मला कळून चुकलं की ही गोष्ट त्या बाईनं सांगायला नको, तिच्या बरोबर आलेल्या नणंदेनं सांगायला हवी. अशा वेळी मागे जाऊन चाळीस पानं पुन्हा लिहायचा मोह होतो. ते करू नका, खर्डे तिथंच मरतात. मी समासात लिहिलं, ‘इथून पुढं नणंद बोलते. मागचं बदललंय असं समज.’ आणि एक्केचाळिसावं पान नणंदेच्या तोंडून सुरू केलं. माझ्या गठ्ठ्यात आजही पान चाळीसवर एक बाई बोलत असते आणि एक्केचाळीसवर दुसरी. कुणाचं काही बिघडलं नाही. साठाव्या पानावर पुन्हा मत बदललं असतं तर मागचं दुरुस्त करण्यात घातलेले तीन आठवडे पाण्यात गेले असते.

कागद

चांगली, महागाची, जाड पुठ्ठ्याची वही पहिल्या खर्ड्याला घेऊ नका. मुलीनं वाढदिवसाला दिलेली सुंदर वही माझ्याकडे तीन वर्षं कोरी आहे. तिच्यात लिहिण्यासारखं अजून काही सुचलेलं नाही. मी पाठकोरे कागद वापरते. तपासून झालेल्या प्रूफांचे गठ्ठे घरात असतातच, त्यांची मागची बाजू. तुमच्याकडे प्रूफं नसतील, पण झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेले कागद मागितले तर बरेचदा मिळतात. रद्दीत जायचाच कागद असल्यामुळे त्यावर वाईट लिहिलं तरी नुकसान कुणाचंच होत नाही. अण्णांचा हिशेबही सांभाळला जातो: कागद वाया गेला नाही, दोन्ही बाजू लागल्या.

लिहून झालेलं पान लगेच पालथं घालून शर्टाच्या खोक्यात टाकायचं. माझं पान पालथं घातलं की वर काय दिसतं, तर दहावीच्या भूगोलाचं गाईड, माझ्याच लाल खुणांनी भरलेलं. ‘पर्जन्यछाया’चा ‘न्य’ सुटलेला, नद्यांच्या नावात घोळ. हे फारच उपयोगी पडलं. आपलं लिखाण दिसत नाही, आणि दिसतं ते दुसऱ्याचं अजून न सुधारलेलं. ते पुस्तक पुढे व्यवस्थित छापून आलं.

मागचं वाचायचं किती? कालच्या शेवटच्या पानाच्या शेवटच्या तीन ओळी. त्याच्या वर बोट गेलं की खुर्ची ऑपरेटरशेजारी सरकली म्हणून समजा. त्या तीन ओळीही लागू नयेत अशी एक युक्ती आहे: आदल्या दिवशी उठताना वाक्य अर्धवट सोडायचं. ‘तिनं झाकण उघडलं तेव्हा आत’ एवढ्यावर मी एकदा उठले. दिवसभर पोळ्या लाटताना, रिक्षात, बँकेच्या रांगेत मला माहीत होतं की आत काय आहे. दुसऱ्या दिवशी पेन टेकवायचा अवकाश होता.

लक्ष

लक्षाचं मला फार तत्त्वज्ञान नाही. मी शिलाई मशिनच्या झाकलेल्या फळीवर लिहिते, कारण तिथं दुसरं काही मावत नाही. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बसते, सहाला नळाला पाणी येतं, त्याच्या आत उठते. फोन तांदळाच्या डब्यात. डब्याला घट्ट झाकण आहे आणि तो ओट्याखाली मागे आहे. काढायचा तर आधी पिठाचा डबा हलवावा लागतो, आणि पिठाचा डबा हलवला की सासूबाई उठतात. एवढा बंदोबस्त मला पुरतो.

फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाची २५ मिनिटांची पद्धत पुष्कळांना ठाऊक असेल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना तो टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास करायचा, म्हणून पद्धतीलाच टोमॅटोचं इटालियन नाव पडलं, पोमोदोरो. २५ मिनिटं काम, मग छोटी विश्रांती. मला २५ पुरत नाहीत. पहिली दहा तर पेन चालतोय की नाही हे बघण्यातच जातात. मी ४० मिनिटं लावते, गजराच्या जुन्या घड्याळावर. तुम्ही नव्यानं सुरू करत असाल तर १५ लावा. वेळ किती यापेक्षा घड्याळ तुमच्याऐवजी वेळ बघतंय, हे महत्त्वाचं.

मधेच घरच्या गोष्टी आठवतात, त्या आठवणारच. त्यांच्यासाठी उजव्या हाताला एक चिठ्ठी ठेवा: ‘दूधवाल्याचे ४०’, ‘मीनलच्या सासूला फोन’. दोन शब्द लिहायचे आणि परत यायचं. उठून करायचं नाही. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा काही अंश मागच्या कामातच चिकटून राहतो, असं सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये मांडलं आहे. मला ते वाचायच्या आधीच पटलेलं होतं. दूध उतू जातं तेव्हा आपण कुठं असतो?

रोजचं माप पानांत ठेवा. माझी रोज दोन पानं, माझ्या अक्षरात साधारण साडेतीनशे शब्द. चांगली दोन पानं असं म्हणायचं नाही, नुसती दोन पानं. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहायचा. मार्चमध्ये एका दिवशी ‘०’ आहे, त्याच्या पुढे सलग तीन दिवस ‘०’ आहेत, मग ‘अर्धं’. त्या शून्यांची भरपाई म्हणून एका दिवशी सहा पानं लिहायला गेले आणि पुन्हा दोन दिवस बसवेना. मग भरपाई बंद केली. चुकलेला दिवस गेला, आज दोन.

हात अगदीच उठत नसेल तर बोलून लिहा. मी संध्याकाळी गोदापार्कला फेरी मारते तेव्हा कधीकधी फोनला मराठीत सांगत जाते, तो टाइप करतो. नणंदेचं एक लांब भांडण मी असंच लिहिलं, शेजारून पळणारा मुलगा थांबून “काकू, सगळं ठीक ना?” विचारून गेला. फोननं ‘तांब्या’चं ‘तंबाखू’ केलं होतं. पण चुका यंत्राच्या असल्यामुळे मला एकीचाही राग आला नाही, आणि भांडणाची लय मात्र आली, जी पेनातून कधीच उतरली नसती.

एप्रिलमधली कात्री

ऐंशी पानं झाल्यावर माझा धीर सुटला. वाटलं, आता थांबून आधी हे सगळं कापून काढावं. त्याच सुमारास दादाकडे गेले होते. त्याची निफाडकडे दीड एकर द्राक्षबाग आहे, थॉम्पसन जातीची. एप्रिल म्हणजे खरड छाटणी. माल निघून गेलेला, वेली ओरबाडल्यासारख्या, कुठं पानाचं नाव नाही. बघवत नाही ती बाग. दादा मात्र खुशीत. मी त्याला विचारलं की यातून द्राक्षं कधी. म्हणाला, “यातून नाहीच. आत्ता नुसती काडी तयार करायची. घड काडीच्या डोळ्यात आतल्या आत बनतो, दिसत नाही. दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर.” वर्षात दोन छाटण्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण एप्रिलचं काम फळासाठी नसतंच, काडीसाठी असतं, हे नीट ऐकलं ते त्या दिवशी.

गेल्या हिवाळ्यात मी तिथं विरळणीला बसले होते. हातात छोटी कात्री, घडातले दाटीचे मणी टिपायचे, म्हणजे उरलेले फुगतात. फार आवडलं होतं मला ते काम, अगदी प्रूफासारखं. मी दादाला माझ्या गोष्टीबद्दल सांगितलं, म्हटलं कापायला घेते. तो छाटलेल्या काड्या गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, “घड यायच्या आत विरळणी करती का कुणी?”

घरी येऊन एक्क्याऐंशीवं पान लिहिलं. ‘खरड’ आणि ‘खर्डा’ एकाच मुळाचे की नाही ते मी शोधलं नाही. चौकट काढून ठेवली.

मग दुपार होते

खर्डा संपला की तो लगेच वाचायचा नाही. मी खोक्याला सुतळी बांधून ते माळ्यावर टाकलं आणि तीन आठवडे गाईडं तपासली. पहिलं वाचन पेनाशिवाय, हात मांडीखाली घेऊन, एका बैठकीत. दुसऱ्या वाचनाला लाल पेन. आता तपासनीस बाईंची पाळी. त्यांना चहा द्या, खुर्ची द्या, घाई करू नका.

मी ठिपके मोजले. एकशे बारा पानांत दोनशे सहा ठिकाणी होते. एकाहत्तर ठिकाणी तक्रार खरी होती, ती दुरुस्त केली. चौपन्न जागा असलेली पानंच गळली, म्हणजे त्यांची दुरुस्ती केली असती तर फुकट गेली असती. उरलेल्या एक्याऐंशी जागी मी ठिपके का दिले होते ते मला काही केल्या कळेना. वाक्य साधं, सरळ, जागच्या जागी होतं. तिथं काहीच करायचं नव्हतं.

‘पाणी होतं’ हे त्यातलंच एक. तसंच ठेवलं.

चौकटी निघाल्या सतरा. त्यांची यादी करून एका शनिवारी बाहेर पडले. रामकुंडावर अर्धा तास उभी राहून गुरुजी काय ओरडतात ते ऐकलं. तिथून भांडी बाजारात गेले. एका दुकानात म्हाताऱ्या मालकांना हातानं आकार करून दाखवला: एवढं, पितळेचं, वर झाकण, फिरवून बसतं. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “फिरकीचा तांब्या,” म्हणाले, आणि फडताळातून काढून समोर ठेवला. मी झाकण लावून बघितलं. पहिल्या खेपेला बसलं नाही. “आटे जुळवून घ्या बाई, जोर लावू नका,” ते म्हणाले, आणि मी यादीच्या पाठकोऱ्या बाजूला ते लिहून घेतलं.